नाताळ आला म्हणून पोराला शहाणा करू नकोस

अनेक आशीर्वाद.

नाताळाच्या आठवड्याच्या तुझ्या सहाही चित्रपट्ट्या वाचल्या. सोमवार ते शुक्रवार तुझ्या पट्टीतला पोरगा हावरट आहे, कांगावखोर आहे आणि झकास आहे. शनिवारी मात्र तो एकदम शेजारणीला आपली घसरगाडी देऊन टाकतो, आणि तू विचारतोस, शेवट जमला का? नाही जमला. सण आला म्हणून पात्राचा स्वभाव बदलायचा नसतो.

बिल वॉटरसनच्या 'कॅल्व्हिन अँड हॉब्ज' या अमेरिकन चित्रपट्टीतली, पोरगा कॅल्व्हिन आणि त्याचा वाघ हॉब्ज यांची नाताळाची मिठी तुला पाठ आहे. तरी पुन्हा उघड आणि संवादाच्या एकेका फुग्यावर थांब. हॉब्जसाठी आपण काहीच केलं नाही, याचं कॅल्व्हिनला वाईट वाटतंय. हॉब्ज म्हणतो, मीही तुला काही आणलेलं नाही. मग तो वाघ त्याला कवेत घेतो. आता वॉटरसन काय करतो ते बघ. कॅल्व्हिन आभार मानत नाही, प्रेमाचं बोलत नाही. इतकं घट्ट काय आवळतोस, डोळ्यांतून पाणी काढलंस, असं तो वाघावरच खेकसतो. रडू आलंय, पण कबूल करायचं नाही, दोष दुसऱ्यावर ढकलायचा! सहा वर्षांचं ते पोर वर्षभर हेच करतं. म्हणूनच त्या पाण्यावर आपला विश्वास बसतो.

आणि ही माया फुकटात आलेली नाही. शेजारच्या सूझीला बर्फाचा गोळा हाणायचा की सांताच्या यादीत नाव राखायचं, या पेचात कॅल्व्हिन आधी अडकलेला असतो. त्याचा चांगुलपणा हिशेबी आहे. एकदा तर तो सांतावरच घसरतो: असेल तर दिसत का नाही, एवढी गुप्तता कशाला? हा धार्मिक सण ना, असं हॉब्जनं विचारल्यावर म्हणतो, देवाबद्दलही मला हेच प्रश्न आहेत. सणासुदीला वाचकाला गोडच हवं असतं, असं तू लिहिलंयस. साफ चूक. गोडव्यापायी चांगल्या चित्रकथांचा डिसेंबर वाया गेलेला पाहून माझा जीव तुटतो. मला कोणी हेकट म्हटलं तरी चालेल, स्वभाव बदलू नकोस!

घसरगाडी तुझ्या पोरानं द्यावी, पण त्याच्या पद्धतीनं. ती मोडकी आहे म्हणून सांगावं, भाडं मागावं, ती निघाल्यावर मागे बसायला धावावं. समजायचं ते वाचकाला समजतं.

आता हाताचं काम. तिसऱ्या चौकटीतल्या फुग्यात तू भाषण कोंबलंयस, म्हणून पोराची हनुवटी चौकटीबाहेर गेली. फुग्यात बारा-पंधरा शब्द पुरे. आधी अक्षरं लिही, फुगा आख, उरलेल्या जागेत चित्र बसव. बर्फावर रेघोट्या मारल्यास, त्यामुळे तो चिखल दिसतो. बर्फ म्हणजे कोरा कागद. खोडं, बूट, कुंपण काळं भर, तो आपोआप उजळतो. वॉटरसन ब्रिस्टल बोर्डवर, म्हणजे चित्रकलेच्या जाड कागदावर, बारीक सेबल ब्रश (मऊ केसांचा कुंचला) आणि इंडिया इंक या काळ्या शाईनं काढायचा, त्यामुळे रेघ दाबावर जाड-बारीक होते. तुझ्या मार्करची रेघ सगळीकडे सारखीच, म्हणून घसरगाडीवरची दोन अंगं एकमेकांत मिसळतात. पुढच्याची बाह्यरेषा जाड ठेव, मागच्याची बारीक.

कळस रविवारी न्यायचा विचार सोडून दे. अमेरिकेत रोजच्या पट्ट्या आणि रविवारची रंगीत पट्टी वृत्तपत्रांना वेगवेगळी विकली जात असे. फक्त रोजच्या पट्ट्या घेणाऱ्या वृत्तपत्राचा वाचक शनिवारी लोंबकळत राहिला असता. शिवाय रविवारच्या पट्टीतली चौकटींची वरची ओळ कापून टाकायची मुभा संपादकांना असे. वॉटरसनला अखंड अर्धं पान मिळालं ते 1992 पासून. तुझा आठवडा शनिवारी संपू दे.

तीच एक पट्टी नव्यानं कर. पेन्सिलीतच पाठव, शाई लावायची घाई नको, आणि चौथ्या चौकटीसाठी एक नव्हे, तीन वेगळी वाक्यं लिहून पाठव. तिन्ही त्याच्याच तोंडची हवीत.