हातउसन्याची संस्था

न्यूयॉर्कच्या ‘हिब्रू फ्री लोन सोसायटी’ या ज्यू समाजाच्या बिनव्याजी कर्जसंस्थेविषयी वाचकांनी विचारलेल्या काही प्रश्नांना ही उत्तरे.

प्रश्न : संस्था निघाली कशी?

उत्तर : १८८१ पासून रशियन साम्राज्यात ज्यूंविरुद्ध दंगली उसळल्या. पुढच्या वर्षांत हजारो कुटुंबे न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड या वस्तीत येऊन दाटली. हातात कसब होते, भांडवल नव्हते. बँका दारात उभे करत नसत. १८९२ मध्ये तिथल्याच एका सिनेगॉगमध्ये (ज्यूंच्या प्रार्थनास्थळात) काही स्थलांतरितांनी ९५ डॉलर जमवले आणि पाच-दहा डॉलर उसने द्यायला सुरुवात केली. कुणी शिलाई मशीन घेतले, कुणी हातगाडीवर माल भरला. हप्त्याहप्त्याने पैसे परत आले की तेच पुढच्या गरजूला. बँकर जेकब शिफ यांच्यासारख्या धनिकांचे पाठबळ नंतर आले. सुरुवात करणारे स्वतःच नुकते सावरत होते, याचे मोल मला फार वाटते.

प्रश्न : व्याज नाही, मग पैसे बुडत नसत का?

उत्तर : फार थोडे बुडत. कर्जदाराला जामीनदार आणावा लागे. दान देणाऱ्या संस्था घरी येऊन गरिबीची उलटतपासणी करत. इथे मुख्य चौकशी जामीनदाराची पत किती, याची. ओळखीच्या दुकानदाराने आपल्यासाठी सही केली आहे, म्हटल्यावर हप्ता चुकवायला मन धजावत नाही. खर्च देणग्यांतून आणि वर्गणीतून भागे, मुद्दल फिरते राही.

प्रश्न : सरळ दानच का देत नाहीत?

उत्तर : तालमूद हा ज्यूंचा धर्मग्रंथ सांगतो, दान देणाऱ्यापेक्षा उसने देणारा थोर. बाराव्या शतकातल्या मायमोनिडीस या ज्यू धर्मपंडिताने दानाच्या आठ पायऱ्या लावल्या. सर्वांत वरची, माणसाला कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन पुन्हा हात पसरू न देण्याची. आपल्याकडचे हातउसने आठवा. घेणारा ते फेडतो, आणि उद्या आपल्यालाही देऊ शकतो. त्याची मान खाली जात नाही.

प्रश्न : ज्यू धर्मात व्याज निषिद्ध, मग ज्यू सावकार कसे?

उत्तर : तोराह या ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथातली बंदी आपल्या बांधवांपुरती आहे, परक्याकडून व्याज घेण्याची मुभा आहे. मध्ययुगीन युरोपात अनेक ठिकाणी ज्यूंना जमीन आणि कारागीर-संघ बंद होते, चर्चने ख्रिस्त्यांना व्याज मना केले होते. म्हणून काही जण सावकारीत गेले. हिब्रूत व्याजाला ‘नेशेख’ म्हणतात, त्याचा धात्वर्थ चावणे.

प्रश्न : कर्ज फक्त ज्यूंनाच?

उत्तर : नाही. न्यूयॉर्कची संस्था धर्म न पाहता कर्ज देते, आजही. अशीच संस्था सॅन फ्रान्सिस्कोत १८९७ मध्ये निघाली, आणि तीही चालू आहे.