मुरमाड रानात टाकलेला धरणाचा गाळ पॉलिमरने खड्यांना चिकटवून ठेवता येतो का?

तुम्ही लिहिलंय की दिंडोरीकडच्या मुरमाड प्लॉटमध्ये गाळ टाकला, पण पावसात तो वाहून तरी जातो नाहीतर खाली उतरतो. पॉलिमरने तो नक्की चिकटतो. पण अख्ख्या प्लॉटवर हा प्रयोग करू नका, हे कळकळीने सांगतो.

आपला काळा गाळ बेसाल्ट झिजून झालेला, मॉन्टमोरिलोनाइट या फुगणाऱ्या चिकणमातीच्या खनिजाने भरलेला. त्याच्या पापुद्र्यांवर ऋण भार, वाळूच्या कणावरही ऋण भारच. म्हणून पावसाच्या स्वच्छ पाण्यात दोघं एकमेकांना धरत नाहीत. पॉलिमर म्हणजे लांब साखळीसारखा रेणू, आणि ती साखळी एकाच वेळी दोघांना पकडते. धन भाराचा पॉलिमर थेट चिकटतो. ऋण भाराच्या पॉलिॲक्रिलामाइडला (माती बांधायला वापरतात तो कृत्रिम पॉलिमर) मध्ये कॅल्शियम लागतं. चुनखडीच्या जमिनीत ते असतंच, नसेल तर जिप्सम घाला. शेतात मात्र धन भाराचा नकोच. तो माशांच्या कल्ल्यांना चिकटतो, आणि आपल्या रानाचं पाणी शेवटी कादवा नदीतच जातं.

दुकानात ‘पॉलिमर’ म्हणून बऱ्याचदा हायड्रोजेल देतात. ते पाणी धरून फुगतं, माती बांधत नाही. त्याच्या साखळ्या आपसात जखडलेल्या असतात, पाण्यात मोकळ्या होऊन कणांपर्यंत पोचतच नाहीत.

रोपवाटिकेच्या मिश्रणासाठी करून बघा. फिरत्या पाण्यात ऋण भाराच्या पॉलिॲक्रिलामाइडची पावडर चिमटीचिमटीने सोडा, एकदम ओतली की गाठी होतात. पावडर कोरड्या मिश्रणाच्या ०.१ टक्क्यापर्यंतच घ्या. जास्त झाली तर प्रत्येक कण वेगवेगळा लपेटला जातो आणि एकमेकांना धरायला जागाच उरत नाही. द्रावण शिंपडून चांगलं कालवा, पातळ पसरा आणि खडखडीत वाळू द्या. वाळणं सगळ्यात महत्त्वाचं, कारण पाणी निघून गेल्यावरच साखळी कणांवर घट्ट बसते. मग मूठभर मिश्रण काचेच्या ग्लासात, स्वच्छ पाण्यात सोडून हलकं ढवळा. पाणी नितळ राहिलं आणि खड्यांवर काळसर साय तशीच दिसली, तर जमलं. गढूळ झालं, तर गाळ अजून सुटाच आहे.

आता एकराचा हिशोब. एक फूट खोलीची एका एकराची माती साधारण १७०० टन. ०.१ टक्का म्हणजे १७०० किलो पॉलिमर! अमेरिकेत १९५१ साली ‘क्रिलियम’ नावाचं असंच माती बांधणारं रसायन मोठ्या गाजावाजाने आलं, पण शेतकऱ्याला त्याचा खर्च झेपला नाही.

प्लॉटमध्ये हेच काम जिवाणूंचा आणि मुळांचा चिकट स्राव करतो, तोही पॉलिमरच. गाळ नुसता पसरू नका. शेणखतात मिसळून ओळीतल्या चरात भरा आणि मधल्या पट्ट्यात ताग घ्या. बोअरच्या पाण्यातलं सोडियमही तपासून घ्या. ते जास्त असेल तर बांधलेली मातीसुद्धा परत विस्कटते, आणि तिथे जिप्समसारखा उपाय करावा लागतो.