अर्धशिशीवर कपाळाला किंवा कानाला लावायची विजेची यंत्रे खरोखर उपयोगी पडतात का?

आपल्या प्रश्नातून मला समजले ते असे. आपण डिचोलीला राहता. आईंचे वय ६१ असून त्यांना तरुणपणापासून अर्धशिशी आहे, वेदनाशामक गोळ्यांनी त्यांचे पोट बिघडते आणि अलीकडे त्यांचा हातही थरथरतो. मोबाईलवरच्या जाहिरातीत दिसलेले, कानाला लावायचे आणि डोकेदुखी, झोप, ताण, पचन अशा सगळ्यांवर चालणारे म्हणून विकले जाणारे यंत्र घ्यावे का, असे आपण विचारले आहे. मी फोंड्यात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करतो आणि दुखण्यावर विजेचे सौम्य झटके देणारे टेन्स यंत्र रोज वापरतो. त्या अनुभवाच्या आधारे सांगतो की ते कानाचे यंत्र घेऊ नका, मात्र या उपचारपद्धतीकडे पाठही फिरवू नका.

मज्जातंतूला बाहेरून वीज देऊन दुखणे कमी करण्यामागे पक्के शास्त्र आहे. स्पर्शाची जाणीव नेणारे तंतू जागे केले, तर वेदनेचा संदेश मेंदूकडे जाण्याआधी मज्जारज्जूतच अडवला जातो, असा सिद्धान्त मेलझॅक आणि वॉल यांनी १९६५ साली मांडला आणि टेन्स त्यातूनच पुढे आले. अंगावर घालायची नवी यंत्रे आकाराने सारखीच दिसली, तरी त्यांतले प्रत्येक यंत्र एका ठरावीक मज्जातंतूसाठी आणि एका ठरावीक आजारासाठी तपासावे लागते. म्हणून यंत्र कोणत्या कंपनीचे आहे हे विचारण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात: ते कोणत्या मज्जातंतूवर काम करते, कोणत्या आजारावर तपासले गेले आहे, आणि त्याची तुलना खोट्या, म्हणजे तसेच दिसणाऱ्या पण उपचाराइतकी वीज न देणाऱ्या यंत्राशी झाली आहे का.

यातला तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अर्धशिशीचा झटका पुष्कळदा आपोआप ओसरतो, आणि यंत्र लावल्याच्या विश्वासानेही माणसाला बरे वाटते. सेफॅली हे कपाळावर चिकटवायचे यंत्र भुवईच्या वरून जाणाऱ्या ट्रायजेमिनल मज्जातंतूच्या शाखेला वीज देते. बेल्जियममध्ये ६७ रुग्णांवर त्याची चाचणी झाली आणि ती २०१३ साली प्रसिद्ध झाली. रोज २० मिनिटे याप्रमाणे तीन महिने ते वापरल्यावर खऱ्या यंत्राच्या गटात ३८.२ टक्के रुग्णांचे अर्धशिशीचे दिवस निम्म्याने किंवा त्याहून अधिक घटले, तर खोट्या यंत्राच्या गटात १२.१ टक्के रुग्णांना तेवढाच लाभ झाला. खऱ्या यंत्राच्या गटात महिन्याचे सरासरी दिवस सुमारे सातावरून पाचावर आले. हा फरक खरा आहे आणि ज्याला गोळ्या सोसत नाहीत त्याच्यासाठी मोलाचाही आहे. पण दहातल्या सहा जणांना तेवढा गुण आला नाही, हेही त्याच आकड्यांत आहे. शिवाय अशा चाचण्यांत एक अडचण कायम राहते. खऱ्या यंत्राने मुंग्या येतात, त्यामुळे आपल्याला कोणते यंत्र मिळाले आहे याचा अंदाज काही रुग्णांना येऊ शकतो.

नेरिव्हिओ हे दुसरे यंत्र दंडाला बांधतात. झटका सुरू होताच ४५ मिनिटे ते वापरायचे असते. दंडातल्या तंतूंना दुखणार नाही इतपत चेतवले की मेंदू स्वतःची वेदना दाबणारी यंत्रणा चालू करतो आणि डोक्याचे दुखणेही त्यात दबते, अशी त्यामागची कल्पना आहे. २५२ जणांच्या चाचणीत दोन तासांनी आराम पडलेल्यांचे प्रमाण ६६.७ टक्के होते, तर खोट्या यंत्राच्या गटात ते ३८.८ टक्के होते. हे यंत्र डॉ. रेड्डीज कंपनीने २०२३ मध्ये भारतात आणले, त्यामुळे डॉक्टरांशी त्याबद्दल बोलता येईल.

कानाच्या यंत्राची गोष्ट वेगळी आहे. मेंदूपासून पोटापर्यंत जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूची एक शाखा बाह्य कानाच्या खोलगट भागात पोचते, हे खरे आहे. याच मज्जातंतूला मानेत शस्त्रक्रियेने बसवलेल्या यंत्राने वीज देण्यास अमेरिकेत १९९७ साली अपस्मारासाठी आणि २००५ साली हट्टी नैराश्यासाठी मान्यता मिळाली. ती पुण्याई जाहिरातवाले कानाच्या चिमट्याला लावतात, आणि याचाच मला राग येतो, कारण मानेत बसवलेल्या यंत्राचा पुरावा बाहेरून लावायच्या चिमट्याचा पुरावा ठरत नाही. ‘एफडीएकडे (अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेकडे) नोंदणीकृत’ या शब्दांनाही भुलू नका. नोंदणी म्हणजे मान्यता नव्हे. भारतात वेष्टनावर आयातीचा किंवा उत्पादनाचा परवाना क्रमांक छापलेला असतो, तो पाहावा.

हाताच्या कंपाचे आधी निदान व्हायला हवे. कप उचलताना हात थरथरणे आणि हात मांडीवर निवांत असताना थरथरणे यांची कारणे वेगळी असू शकतात. कंपासाठी मनगटावर बांधायचे यंत्र अमेरिकेत आहे. पण त्याच्या ७७ जणांच्या चाचणीत मुख्य कसोटी, म्हणजे कागदावर चक्राकार रेघ काढणे, खोट्या यंत्रापेक्षा सरस ठरली नाही, जरी हाताच्या इतर हालचालींत सुधारणा दिसली.

वापराबद्दल थोडे सांगतो, कारण पुष्कळ यंत्रे इथेच फसतात. आपल्याकडे अंगाला खोबरेल लावायची सवय असते, आणि पावसाळ्यातल्या दमट हवेत चिकट पट्टीची जेल ओलावा धरते. पट्टीची एक कड सुटली की सगळी वीज उरलेल्या लहानशा जागेत एकवटते आणि रुग्ण ‘चाबता’ (चावते) म्हणून पट्टी उपटून काढतो. कपाळ साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावे, टिकलीचा गोंद पुसून काढावा आणि वापरानंतर पट्टी तिच्याच प्लास्टिकवर चिकटवून ठेवावी. हृदयात पेसमेकर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातले काहीही लावू नये, आणि टेन्सच्या पट्ट्या गळ्याच्या पुढच्या बाजूला कधीही लावू नयेत.

आईंची डोकेदुखी नेहमीसारखीच असेल तर ठीक. मात्र तिचे स्वरूप बदलले असेल, कानशिलापाशी हात लावला तरी दुखत असेल किंवा दिसण्यात फरक पडला असेल, तर यंत्राचा विचार बाजूला ठेवून लगेच बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात दाखवावे. तसे नसेल तर भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दुखण्याचे दिवस आणि घेतलेल्या गोळ्या लिहून ठेवा. महिन्यातून पंधरा किंवा अधिक दिवस साध्या वेदनाशामक गोळ्या घेतल्या जात असतील, तर गोळ्याच दुखणे वाढवत असण्याची शक्यता असते. ती पाने घेऊन न्यूरॉलॉजीच्या ओपीडीत गेलात, तर कपाळाचे यंत्र, दंडाचे यंत्र की वेगळे औषध, हे तिथले डॉक्टर आईंचा हात पाहूनच सांगू शकतील.