हँडब्रेक धरत नाही म्हणून केबल ताणू नका, आधी ड्रम उघडा

नांदुरीहून सप्तशृंगी गडाला चढताना गर्दीत थांबलात, हँडब्रेक पार वर ओढला तरी तुमची २००५ची वॅगनआर मागे सरकली. मग गॅरेजवाल्याने दोनदा केबल ताणून दिली. आठवडाभर बरं चाललं आणि आता मागचं डावं चाक हात लावू देत नाही इतकं तापतंय. ब्रेकचे शू (चाकासोबत फिरणाऱ्या ड्रमला आतून दाबून चाक थांबवणाऱ्या कमानी) बदलावे लागतील का आणि ते घरी जमेल का, हा तुमचा प्रश्न. दोन्हींचं उत्तर देतो, पण त्याआधी एक सांगतो. या अवस्थेत ही गाडी घेऊन कसारा घाट उतरू नका. तापलेल्या ड्रमला लागूनच व्हील सिलेंडर (ब्रेक ऑइलच्या दाबाने शू ढकलणारा भाग) असतो. नवं डॉट ३ ब्रेक ऑइल २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओल शोषलेलं जुनं ऑइल १४० अंशांच्या आसपासही उकळू शकतं. ते उकळलं की पेडल सरळ खाली जातं.

आता केबलकडे वळू. तुमच्या गाडीत हँडब्रेकला वेगळे शू नाहीत. मागच्या ड्रममधल्या त्याच दोन शूंना पायाचा ब्रेक तेलाच्या दाबाने ढकलतो आणि हँडब्रेक केबलने. केबल ड्रमच्या आतली एक छोटी पट्टी ओढते, ती पट्टी दोन्ही शू फाकवते. लायनिंग (शूवरचा घासणारा थर) झिजलं की शू आणि ड्रममधली फट वाढते. ती भरून काढायला आत आपोआप चालणारा अ‍ॅडजस्टर असतो. पण तो नीट चालायचा तर हँडब्रेक सोडल्यावर ती पट्टी पूर्ण मागे यायला हवी. केबल ताणून ठेवली की पट्टी कायम अर्धवट ओढलेली राहते आणि अ‍ॅडजस्टर अडकतो. फट वाढतच जाते, पुन्हा हँडब्रेक ढिला, पुन्हा केबल ताणायची. हे चक्र मी कितीतरी गाड्यांत पाहिलंय. माझ्या झेनचीही एका गॅरेजात अशीच तीन वेळा केबल ताणली गेली होती. चौथ्या वेळी मी स्वतः ड्रम उघडला, तर एका शूचं लायनिंग रिव्हेटपर्यंत आलेलं.

तुमचं एकच चाक तापतंय, याची दोन कारणं संभवतात. एक तर डाव्या बाजूची केबल उजवीपेक्षा जास्त ताणली गेली, नाहीतर ती आवरणात गंजून परतच येत नाही. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात फिरणाऱ्या गाड्यांत हे दुसरं फार होतं. टोकाचं रबर फाटतं आणि पाणी आत शिरतं. गाडी घोडीवर (जॅक स्टँडवर) घेऊन कुणालातरी हँडब्रेक ओढून सोडायला सांगा आणि खालून केबलवर नजर ठेवा. जी केबल सुस्तावून परत येते ती बदलाच. तेल घालून मोकळी केलेली केबल पुढच्या पावसाळ्यात पुन्हा धरते.

घरी जमेल का? सपाट फरशी, दोन घोड्या आणि टॉर्क रेंच (नट ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना) असेल तरच. मारुतीच्या बऱ्याच जुन्या गाड्यांत मागचं बेअरिंग ड्रममध्येच असतं, त्यामुळे ड्रम काढायला मधला मोठा नट सोडावा लागतो. तो परत ठरलेल्या टॉर्कलाच आवळायचा, अंदाजाने नाही. नटाची कड ठोकून बसवलेली असेल तर नवा नट घ्या. हे साहित्य नसेल तर गॅरेजात करून घ्या, पण समोर उभं राहा.

पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावा आणि हँडब्रेक सोडा. लिव्हरखालचं कव्हर काढून केबलचे नट पूर्ण ढिले करा. ड्रम अडकला तर हातोड्याने बडवू नका. त्यावर आटे पाडलेली दोन भोकं दिसली तर त्यांत ८ मिमीचे बोल्ट आलटून पालटून आवळत जा, ड्रम सरळ बाहेर येतो. आतली धूळ कॉम्प्रेसरने उडवू द्यायची नाही. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुप्फुसात कायमचं बसतं. पाणी फवारून ओल्या फडक्याने पुसा. गोदेला पूर येऊन नाशिकचा दुतोंड्या मारुती बुडतो तेव्हा घाटाजवळ उभ्या राहिलेल्या गाड्यांच्या ड्रममध्ये गाळाचा थर निघतो. तुमची त्यात सापडली असेल तर बॅकप्लेटही (शू बसतात ती ड्रममागची स्थिर थाळी) घासून स्वच्छ करा.

एका वेळी एकच बाजू उघडा. पहिल्यांदा मी दोन्ही ड्रम एकदम खोलले आणि स्प्रिंगांची दिशा कळेना म्हणून अर्धा रविवार गेला. दुसरी बाजू जुळलेली असली की तीच नमुना होते (फक्त आरशातल्यासारखी उलटी). फोटो काढाच. ड्रम बाहेर असताना ब्रेक पेडलवर कुणाचाही पाय पडता कामा नये, सिलेंडरचे पिस्टन बाहेर येतात.

लायनिंग दीड मिमीच्या आत आलं असेल तर मी शू बदलतो. तेल लागलेलं लायनिंग पॉलिश पेपरने घासून वापरू नका, आत मुरलेलं तेल पुन्हा बाहेर येतं. शू नेहमी दोन्ही चाकांचे एकदम बदलायचे, सोबत स्प्रिंगही नव्या घ्या, कारण तापून त्यांचा ताण जातो. ड्रमवर कमाल व्यास कोरलेला असतो, झीज त्यापुढे गेली असेल तर लेथवर घासायला देऊ नका, नवा ड्रम आणा. शू बॅकप्लेटला जिथे टेकतात त्या उंचवट्यांवर उष्णता सोसणारं ग्रीस नखाएवढं लावा. लायनिंगला त्याचा स्पर्श नको.

जोडल्यावरचा क्रम सगळ्यात महत्त्वाचा. केबल अजून ढिलीच ठेवून पेडल दहा-पंधरा वेळा दाबा, म्हणजे अ‍ॅडजस्टर फट भरून काढेल. त्यानंतरच केबलचे नट आवळा. पाच ते सात खटक्यांत दोन्ही चाकं घट्ट धरली पाहिजेत आणि लिव्हर खाली असताना हाताने मोकळी फिरली पाहिजेत. सोसायटीच्या बेसमेंटच्या रॅम्पवर गाडी एकदा पुढे तोंड करून, एकदा मागे करून उभी करा. पाय पेडलच्या वरच ठेवा. पहिले दोनशे किलोमीटर जोरात ब्रेक मारू नका आणि पावसाळ्यात रात्रभर हँडब्रेक ओढून ठेवू नका, शू ड्रमला चिकटतात. सपाट जागी पहिला गिअर आणि चाकाला दगड पुरतो.

ड्रम उघडलात की डाव्या सिलेंडरचं रबर उचकटून बघा, आत कोरडं आहे की ओलं ते इथे कळवा. ओलं असेल तर सिलेंडर बदलल्याशिवाय नवे शू बसवू नका.