पार्सलखिडकी : बापाचं काय काय पोचतं?

जूनच्या अंकासाठी संपादकांनी विषय दिला होता, ‘बाप, गाणं आणि पुस्तकं’. पत्रं आली एकोणीस. त्यांतली पाच घेतली आहेत. उरलेल्यांपैकी निम्म्यांनी मला गुडघेदुखीवर औषध विचारलंय, ते मलाही हवंच आहे. नव्या वाचकांसाठी एवढंच, की मी ३५ वर्षं मिरज जंक्शनवर पार्सल क्लार्क होतो. गाण्यातला पंडित नाही, पुस्तकांचा समीक्षक नाही. दोन मुलांचा बाप आहे, आणि त्यातही पास क्लासच.

काका, माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. पाच वर्षं गाणं शिकतेय, गाण्याच्या परीक्षांतली प्रवेशिका पूर्ण झाली. आता मध्यमाचा फॉर्म भरायची वेळ आली तर म्हणते, मला गायचंच नाही. तिचे बाबा रोज तिला तंबोऱ्यासमोर बसवतात, रोज रडारड होते. त्यांना स्वतःला शिकायला मिळालं नाही म्हणून हौस फार. काय करू? (एक आई, इस्लामपूर)

ताई, तुमच्या यजमानांना मी चांगला ओळखतो. रोज दाढी करताना आरशात दिसतात.

आमच्या मिरजेत सतारमेकर गल्ली आहे. तिथल्या सतारी आणि तंबोरे पिढ्यान्‌पिढ्या देशभर जातात. २०२४ मध्ये दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा पेपरात फोटोही आले. मला मात्र तंबोरा पहिल्यांदा भेटला तो लाकडी खोक्यात, गवतात गुंडाळलेला. वर लाल अक्षरात ‘सांभाळून उचला’, आणि ते वाचणारा हमाल अख्ख्या स्टेशनात एक. तारा सैल करून पाठवायचे, तरी खोकं जरा जोरात टेकलं की आत काहीतरी गुणगुणायचं. मी पावती फाडता फाडता ते ऐकायचो. अशी कितीतरी वर्षं मी गाणं खोक्याच्या बाहेरून ऐकलं.

मग १९९४ साली फंडातून कर्ज काढलं आणि दोन महिन्यांच्या पगाराएवढा एक तंबोरा घरी आणला. थोरली तेव्हा सात वर्षांची. तंबोरा तिच्यापेक्षा उंच. हिला, म्हणजे बायकोला, विचारलं नव्हतं. ही पंधरा दिवस माझ्याशी फक्त भाजीपुरतं बोलत होती. पोरगी शिकली, परीक्षा देत गेली, आणि बरोबर तुमच्या लेकीच्याच वयाला एका संध्याकाळी खोळ घालून तंबोरा भिंतीला टेकवून म्हणाली, “आण्णा, हे तुमचं आहे. माझं नाही.” मी आठवडाभर तिच्याशी बोललो नाही. आजही त्या आठवड्याची लाज वाटते. तंबोऱ्याला काय, तो कोपऱ्यात उभा राहिला.

तेव्हा मध्यमाचा फॉर्म भरू नका. दुसरा फॉर्म भरा, यजमानांचा. त्यांना शिकायला मिळालं नव्हतं ना? मग क्लास त्यांचा लावा. थट्टा करत नाही. मी सत्तेचाळिसाव्या वर्षी प्रारंभिकला बसलो. शेजारी दोन वेण्यांची आठ वर्षांची मुलगी होती. परीक्षकांनी मला भूप राग म्हणायला सांगितलं, माझा घसा कोरडा पडला. तिनं स्वतःची पाण्याची बाटली पुढे केली. तिला माझ्यापेक्षा बरेच जास्त मार्क पडले.

माझा मुलगा अकरा वर्षांचा. घरात पुस्तकांचं कपाट भरलेलं आहे, पण तो हात लावत नाही. त्याला वाचनाची गोडी लागावी म्हणून कोणती दहा पुस्तकं आणू? (एक वडील, लातूर)

एकही आणू नका. कपाट भरलेलं आहे म्हणता, त्यात आणखी दहा घातलीत तर त्याला आणखी दहांना हात न लावायचे कष्ट पडतील.

मी नोकरीला लागलो तेव्हा मिरज जंक्शनात तीन रुंदीचे रूळ होते. पुण्या-कोल्हापूरकडचा ब्रॉडगेज, लोंढ्याकडचा मीटरगेज आणि पंढरपूरकडे जाणारा नॅरोगेज, ती आमची छोटी गाडी. एका रुळावरचा डबा दुसऱ्यावर चालत नाही. माल उतरवायचा, प्लॅटफॉर्म ओलांडायचा, दुसऱ्या गाडीत भरायचा. आमचा निम्मा जन्म त्यात गेला. पंढरपूर भागातून तंबोऱ्याचे भोपळेही मिरजेला येतात. एकदा माल उतरवताना त्यातला एक फुटला तर गल्लीतले मालक असे बघत राहिले, जसं घरातलं कुणी गेलं.

सांगायचं कारण, मी धाकट्याला माझ्याच डब्यात बसवायला बघत होतो. ‘बनगरवाडी’ हातात दिलं. व्यंकटेश माडगूळकर आमच्याच जिल्ह्याचे, माणदेशातले, याचा मला अभिमान. पोरानं आठ पानं वाचली आणि पुस्तक उलटं घालून क्रिकेटला गेला. पुढे लोडशेडिंगचे दिवस आले. संध्याकाळी दोन-दोन तास अंधार, टीव्ही बंद, कंदील एकच. मी तेच पुस्तक माझ्यासाठी म्हणून मोठ्यानं वाचायला लागलो. ही तांदूळ निवडता निवडता ऐकायची. तरणा मास्तर धनगरांच्या वस्तीवर शाळा चालवायला जातो, लोक मिळून तालीम बांधतात, आणि मग दुष्काळ येतो. पोरगा आतल्या खोलीतून बाहेर आला नाही, पण एके दिवशी मी लवकर थांबलो तर आतून आवाज आला, “मग? मेंढरांचं काय झालं?”

तो पुढे वाचक झाला का? नाही. आज कुपवाडच्या एमआयडीसीत मशीनवर आहे, वाचतो तो फक्त पेपर, तोही मागच्या पानापासून. पण त्या पुस्तकात मास्तरांच्या मागे मागे राहणारा आयबू नावाचा पोर आहे. आमच्या घरात अजूनही धाकट्याला काही आणायला पाठवलं की दारातून ओरडतो, “मी काय तुमचा आयबू?” आणि जातो.

‘फास्टर फेणे’ मात्र त्यानं स्वतःहून वाचला. शेजारच्या पोराकडून आणून, गणिताच्या पुस्तकात लपवून. मी पकडलं आणि ओरडलो. भा. रा. भागवतांचा तो फुरसुंगीचा बनेश सायकलवरून सुटला की माझ्याही पायात बळ येतं, तरी ओरडलो, कारण परीक्षा होती. ही माझी दुसरी लाज. लातूरकर, मुलगा गणिताच्या पुस्तकात काही लपवून वाचताना दिसला तर पाय न वाजवता मागे फिरा.

आम्ही पती-पत्नी वेगळे राहतो. मुलगी नऊ वर्षांची, आईकडे असते. महिन्यातून एक रविवार माझा. मी तबला वाजवतो. माझं काही तिच्यात उतरेल का, की सगळं तुटलं? (नाव नको, ठाणे)

तुमचं पत्र मी दोनदा बाजूला ठेवलं. या बाबतीत मला अनुभव नाही, आणि अनुभव नसलेल्यानं बोललेलं फार बोचतं. म्हणून माझं न सांगता गावातलं सांगतो.

१९०५ साली मिरजेत एक मुलगी जन्मली. वडील किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ, आई ताराबाई माने. १९२२ च्या सुमारास ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. मुलांनी नवी नावं घेतली, बापाचं नाव मागे ठेवलं. ती मुलगी म्हणजे गायिका हिराबाई बडोदेकर. भाऊ सुरेशबाबू माने, धाकटी बहीण सरस्वती राणे. प्रभाताई अत्रे शिकल्या त्या सुरेशबाबूंकडे आणि हिराबाईंकडे. किराण्याचं गाणं असं एका दुभंगलेल्या घरातून पुढे गेलं.

पण हे वाचून लगेच समाधान करून घेऊ नका. रक्तात असतं, ते आपोआप उतरतं, असं मी म्हणत नाही. त्या मुलांच्या पाठीशी उभी राहिली ती त्यांची आई. तुमच्या मुलीच्या आईबद्दल तिच्यासमोर एक शब्द वाकडा काढू नका, मग तबल्याचं बघू.

आणि त्या एका रविवारी तिला शिकवायला बसू नका. महिन्यातून एकदा भेटणारा मास्तर कुणालाच आवडत नाही. भजी खा, पिक्चर बघा. तुम्हाला रियाज करायचा असेल तर करा, ती खेळत असू दे. जमलं तर एखाद्या वर्षी उरुसाला मिरजेला घेऊन या. खाँसाहेब १९३७ साली गेले, त्यांना इथेच मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात ठेवलंय. उरुसात त्यांच्या आठवणीत दरवर्षी गाणं होतं, दर्ग्यातल्या चिंचेच्या झाडाखाली. मोठमोठे कलावंत येऊन हजेरी लावतात, तिकीट नाही. चटई आणि पांघरूण बरोबर आणा. माझी दोन्ही पोरं तिथं दहाच्या आत झोपायची. थोरली एकदा झोपेतच मांडीवर ताल धरत होती, चुकीचा, पण धरत होती. मुलगी झोपली तर उठवू नका, एवढंच.

तुमच्या उशाशी सध्या कोणतं पुस्तक आहे? (एक वाचक, बेळगाव)

‘स्मृतिचित्रे’. सध्या नव्हे, कायम. आणि उशाशी माझ्या नव्हे, हिच्या. मी मागून घेतो आणि शिव्या खातो, कारण खूण हलते.

लक्ष्मीबाई टिळक या आत्मचरित्रात अवघड दिवसांबद्दल लिहितात आणि हसवतात. अशी दुसरी बाई मराठीत मला भेटलेली नाही. नवरा धर्म बदलतो, संसार मोडतो, पुन्हा जुळतो. त्यात रडगाणं नाही. हा नवरा म्हणजे कवी रेव्हरंड टिळक, त्यांच्या हातात पैसा म्हणून टिकत नसे. कर्ज काढून तंबोरा आणला त्या रात्री हिनं हेच पुस्तक माझ्यापुढे आपटलं होतं. “वाचा. तुमचंच चरित्र आहे. फक्त कविता तेवढ्या नाहीत तुमच्याकडे.” मी तोवर वाचलं नव्हतं. म्हणजे माझ्या सगळ्यात आवडत्या पुस्तकाशी माझी ओळख भांडणातून झाली.

मोबाइलवर तंबोऱ्याचं ॲप फुकट मिळतं. कधी बेसूर होत नाही, तार तुटत नाही. मग खरा तंबोरा हवा कशाला? (एक विद्यार्थी, नागपूर)

प्रवासाला, हॉस्टेलला ॲप उत्तम. मीसुद्धा वापरतो, कुणाला सांगू नका.

पण ‘कधी बेसूर होत नाही’ ही मला त्याची उणीव वाटते. खऱ्या तंबोऱ्याच्या चार तारा, पंचम म्हणजे प, दोन जोडीचे षड्ज म्हणजे सा, आणि खर्ज म्हणजे खालचा सा. हवा बदलली की उतरतात. खुंटी पिळा, मणी सरकवा, तारा टेकतात त्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा असतो तो केसभर पुढे-मागे करा, तेव्हा जवारी खुलते आणि आवाजाला ती झिणझिण येते. खर्ज नीट लागला तर त्यात न छेडलेला गंधार, म्हणजे ग, ऐकू येतो. मला तो ऐकू यायला चार वर्षं लागली. जवारी काढणारे कारागीर घोडीचा माथा कानसेनं घासतात, पुन्हा तार चढवून ऐकतात, पुन्हा घासतात. आमच्या तंबोऱ्याची जवारी गल्लीतल्या म्हाताऱ्या कारागिरानं काढली तेव्हा मी समोर स्टुलावर बसलो होतो. दुपारभरात ते मला एकच वाक्य बोलले, “पंखा बंद करा.”

थोरली आता बंगळुरात असते. कंपनीत आहे, गाण्याचा काही संबंध नाही. तिचा मुलगा चार वर्षांचा, रात्री झोपत नाही. मागच्या महिन्यात तिचा फोन आला, “आण्णा, तुमचा तंबोरा लावा ना जरा. ॲपवर हा झोपत नाही.” मी खोळ काढली, फोन उशीला टेकवून ठेवला आणि छेडायला लागलो. मला तर छान वाटत होतं. अर्धा मिनिट झाला असेल.

“आण्णा, पंचम उतरलाय.”

पंचवीस वर्षं तिनं त्या वाद्याला हात लावलेला नाही. मी खुंटी धरली.

“अजून. अजून जरा. नाही, पुढे गेलात. मागे या. हां. आता थांबू नका, डोळे मिटतोय.”