एक्सेलमधील शीटची छापील पाने मॅक्रोने कशी मोजावीत?

आपला प्रश्न मला समजला तो असा: संस्थेची नोंदवही एक्सेलमध्ये आहे, तिच्या पहिल्या पानावर ‘या नोंदवहीत एकूण इतकी पाने आहेत’ असा दाखला द्यावा लागतो, म्हणून छपाईपूर्वीच पानांचा आकडा मॅक्रोने, म्हणजे एक्सेलमध्ये लिहून ठेवलेल्या छोट्या आज्ञावलीने, काढायचा आहे, परंतु पेज ब्रेक (एक पान संपून दुसरे सुरू होते त्या तोडी) मोजणारा जो कोड आपण वापरता, तो कधी बरोबर आकडा देतो, तर कधी कमी.

मी दापोली तालुक्याच्या किनाऱ्यावरील एका मच्छीमार सहकारी संस्थेत हिशेबाचे काम करतो. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात बोटी किनाऱ्यावर असतात आणि आमची वर्षभराची छपाई त्याच वेळी होते. नेमक्या तेव्हाच्या दमट हवेत कागद सर्दावतो, यंत्रात अडकतो, आणि एक नोंदवही दुसऱ्यांदा छापावी लागली की रीम संपायला वेळ लागत नाही. त्यामुळे हा प्रश्न मलाही अनेकदा सोडवावा लागला आहे.

केवळ प्रत्येक पानाच्या तळाशी ‘पान ३ / १०’ असे हवे असेल, तर मॅक्रोची गरज नाही. पेज सेटअपमधील फूटरच्या चौकटीत पान क्रमांकाचे आणि एकूण पानांचे अशी दोन बटणे आहेत. ती वापरली की एक्सेल छापताना आकडे स्वतःच भरतो. पाने किती होणार हे फक्त डोळ्यांनी पाहायचे असेल, तर प्रिंट प्रिव्ह्यूच्या खाली तो आकडा दिसतोच. आपल्याला मात्र तो आकडा दाखल्याच्या मजकुरात हवा आहे, म्हणून मॅक्रोकडे वळणे योग्यच आहे.

आपला सध्याचा कोड एचपेजब्रेक्सच्या (आडव्या तोडींच्या) काउंटमध्ये १ मिळवतो, व्हीपेजब्रेक्सच्या (उभ्या तोडींच्या) काउंटमध्ये १ मिळवतो आणि दोहोंचा गुणाकार करतो. कल्पना सरळ आहे: नऊ ठिकाणी आडवी तोड असेल तर एकाखाली एक असे दहा तुकडे होतात. अडचण अशी की नॉर्मल व्ह्यूमध्ये एक्सेल सगळे पेज ब्रेक प्रत्येक वेळी मोजून ठेवतोच असे नाही, त्यामुळे लांबलचक यादीत खालचे ब्रेक गणतीतून सुटू शकतात. मोजण्यापूर्वी ॲक्टिव्हविंडो.व्ह्यू = एक्सएलपेजब्रेकप्रिव्ह्यू ही ओळ घातली आणि नंतर पुन्हा एक्सएलनॉर्मलव्ह्यू केले, तर आकडा बहुतेक वेळा जुळतो. तरीही हा मार्ग मी सोडला. प्रिंट एरिया (छापण्यासाठी ठरवून दिलेला भाग) म्हणून दोन वेगवेगळे भाग नेमले असतील, तर प्रत्येक भाग नव्या पानावर छापला जातो आणि तिथे गुणाकाराचा हिशेब लागूच पडत नाही. शिवाय शीट पूर्ण कोरी असली तरी शून्य अधिक एक म्हणून ‘१ पान’ असे उत्तर मिळते.

एक्सेल २००७ पासून याहून नेमका मार्ग उपलब्ध आहे. पेजसेटअपमध्ये पेजेस नावाचा संग्रह आहे आणि त्याचा काउंट म्हणजे त्या शीटची छापली जाणारी पाने. ब्रेक मोजून अंदाज बांधण्यापेक्षा, पाने पाडणाऱ्या एक्सेललाच आकडा विचारणे केव्हाही चांगले. आल्ट आणि एफ११ दाबून एडिटर उघडावा, इन्सर्टमधून मॉड्यूल घ्यावे आणि पुढील ओळी लिहाव्यात. इथे त्या देवनागरीत दिल्या आहेत. एडिटरमध्ये मात्र हेच शब्द आणि अंक रोमन लिपीत टंकावेत.

सब पेजकाउंट()
डिम डब्ल्यूएस ॲज वर्कशीट, टोटल ॲज लाँग
फॉर ईच डब्ल्यूएस इन धिसवर्कबुक.वर्कशीट्स
इफ डब्ल्यूएस.व्हिजिबल = एक्सएलशीटव्हिजिबल देन
इफ ॲप्लिकेशन.वर्कशीटफंक्शन.काउंटए(डब्ल्यूएस.सेल्स) > ० देन
टोटल = टोटल + डब्ल्यूएस.पेजसेटअप.पेजेस.काउंट
एंड इफ
एंड इफ
नेक्स्ट डब्ल्यूएस
एमएसजीबॉक्स टोटल
एंड सब

पहिली अट लपवलेल्या शीट वगळते, कारण त्या छापल्या जात नाहीत. दुसरी अट कोऱ्या शीट वगळते. एखाद्या शीटवर फक्त चित्र किंवा आलेख असेल आणि एकाही चौकोनात मजकूर नसेल, तर ती शीटही या अटीमुळे सुटेल, एवढे लक्षात ठेवावे. स्वतंत्र चार्ट शीट वर्कशीट्स या संग्रहात येतच नाहीत. त्या असतील तर त्यांची पाने वेगळी मिळवावी लागतात. फाइल मॅक्रोसह जतन होणाऱ्या प्रकारात, म्हणजे एक्सएलएसएममध्ये ठेवावी, नाहीतर कोड टिकणार नाही.

जुन्या कोडमध्ये आपल्याला एक्झिक्यूटएक्सेल४मॅक्रो आणि त्यापुढे गेट.डॉक्युमेंट(५०) असेही आढळेल. एक्सेल ४.० हे १९९२ सालचे, म्हणजे १९९३ मध्ये एक्सेल ५ बरोबर व्हीबीए (वरचा कोड ज्या भाषेत आहे ती) येण्यापूर्वीचे. त्या काळच्या मॅक्रो भाषेतील हा आदेश चालू शीटची एकूण पाने सांगतो, आणि एक्सेल २००३ वापरणाऱ्यांना त्याचाच आधार होता. शीटचे नाव न देता असा लिहिला, तर तो फक्त समोर उघडलेल्या शीटपुरता असतो, म्हणून प्रत्येक शीट आधी ॲक्टिव्हेट करावी लागते. मायक्रोसॉफ्टने २०२२ च्या आरंभी एक्सेल ४.० ची मॅक्रो मूळ सेटिंगमध्येच बंद ठेवण्याचे धोरण घेतले असल्यामुळे नव्या फाइलसाठी मी हा मार्ग सुचवणार नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे उत्तर लिहायला घेतले तिच्याकडे येतो. पानांची संख्या ही आपल्या यादीची नसते. ती यादी, कागद, प्रिंटर आणि फाँट या चौघांची मिळून असते. काही वर्षांपूर्वी मी सभासदांच्या यादीवर १० पानांचा दाखला लिहून, अध्यक्षांची सही घेऊन फाइल दापोलीतील एका छपाईच्या दुकानात नेली, तर तिथे ११ पाने निघाली. कोड बरोबर होता. फाइल उघडून पाहिली तेव्हा त्या संगणकावर कागद ए४ऐवजी लेटर, म्हणजे कमी उंचीच्या आकाराचा, निवडलेला निघाला.

हिशेब करून पाहिला तर हे स्पष्ट होते. ए४ कागदाची उंची २९७ मिलिमीटर, म्हणजे सुमारे ८४२ पॉइंट (७२ पॉइंटचा एक इंच). वरचा व खालचा समास पाऊण-पाऊण इंच धरला तर १०८ पॉइंट वजा होऊन ७३४ उरतात. ओळीची उंची १५ पॉइंट असेल तर एका पानावर ४८ ओळी मावतात. त्यांपैकी ३ ओळी प्रत्येक पानावर पुन्हा छापल्या जाणाऱ्या शीर्षकाच्या असतील, तर नोंदींसाठी ४५ राहतात आणि ४५० सभासद बरोबर १० पानांत बसतात. लेटर कागद ७९२ पॉइंट उंच; तिथे ४५ ओळी मावतात, शीर्षक वजा जाता ४२ उरतात आणि त्याच ४५० नोंदींना ११ पाने लागतात. आणखी एक बाब मराठीत काम करणाऱ्यांनी विशेष ध्यानात घ्यावी: देवनागरी मजकुराला मात्रा-वेलांट्यांसाठी जास्त उंची लागते, आणि मंगलसारखा फाँट दिला की ओळी आपोआप उंच होतात. तीच ओळ १८ पॉइंटची झाली, तर ए४ वर फक्त ४० ओळी मावतात आणि यादी १३ पानांवर जाते. ज्या संगणकावर आपला फाँट बसवलेलाच नाही, तिथे एक्सेल दुसरा फाँट घेतो आणि हिशेब पुन्हा बदलू शकतो.

म्हणून मोजणीआधी मॅक्रोनेच कागद ठरवून द्यावा: डब्ल्यूएस.पेजसेटअप.पेपरसाइझ = एक्सएलपेपरए४. निकालाच्या चौकटीत आकड्याबरोबर ॲप्लिकेशन.ॲक्टिव्हप्रिंटर हेही दाखवावे, म्हणजे हा आकडा कोणत्या प्रिंटरचा आहे ते डोळ्यांसमोर राहते. मोजणी शक्यतो त्याच संगणकावर करावी, जिथून छपाई होणार आहे. ते शक्य नसेल, तर दाखल्यासह पीडीएफ करून दुकानात तीच द्यावी. तिची पाने ठरलेली असतात, कागद बदलला तरी एक पान दोन होत नाही.

रुंदीचाही एक विषय आहे, आणि तो अनेकांना उलटा वाटतो. ‘सर्व रकाने एका पानात’ अशी सेटिंग असेल, म्हणजे झूम = फॉल्स, फिटटूपेजेसवाइड = १ आणि फिटटूपेजेसटॉल = फॉल्स, तर एक रकाना रुंद केल्यावर पाने वाढण्याऐवजी कमी होऊ शकतात. रुंदी बसवण्यासाठी एक्सेल संपूर्ण मजकूर लहान करतो, त्यामुळे उंचीत अधिक ओळी मावतात. आमच्या डिझेल वाटपाच्या तक्त्यात बोटीच्या नावाचा रकाना वाढवल्यावर असेच घडले, आणि कारण सापडेपर्यंत मी कोडमध्येच चूक शोधत बसलो होतो.

आकडा अपेक्षेपेक्षा फार मोठा आला, तर कंट्रोल आणि एंड दाबून शेवटचा चौकोन कुठे आहे ते पाहावे. पुढे नोंदी वाढतील म्हणून कुणीतरी हजाराव्या ओळीपर्यंत रेघा आखून ठेवलेल्या असतात, आणि एक्सेल त्या रिकाम्या चौकटीही छापतो. प्रिंट एरिया नेमून दिला की हा प्रश्न मिटतो.

पाठपोट छपाई करणार असाल, तर पाने आणि कागद यांचे आकडे वेगळे ठेवावेत. २१ पानांना ११ कागद लागतात; दाखल्यात मात्र २१ हाच आकडा हवा.

राहिला दाखल्याचा मजकूर. व्हीबीएच्या एडिटरला युनिकोड मजकूर (आपली देवनागरी त्यातच येते) नीट पेलत नाही. कोडमध्ये मराठी वाक्य लिहिले तर त्याजागी प्रश्नचिन्हे दिसतात. म्हणून वाक्य शीटमध्येच ठेवावे. एमएसजीबॉक्सच्या ओळीऐवजी आकडा बी१ या चौकोनात लिहिणारी ओळ घालावी आणि दाखल्याच्या चौकोनात सूत्र द्यावे: ="या नोंदवहीत १ पासून "&बी१&" पर्यंत पाने आहेत." इथे मराठी वाक्य देवनागरीतच राहील, फक्त बी१ रोमन अक्षर-अंकांत टंकावे. दाखल्याची शीटही वहीचा भाग असल्यामुळे ती मोजणीत धरलेली असली पाहिजे, आणि दाखला लिहिल्यानंतर मॅक्रो आणखी एकदा चालवावा. वाक्य लांबून एखादी ओळ पुढच्या पानावर गेली असेल, तर दुसऱ्या वेळी आकडा एकाने वाढलेला दिसेल. दोन्ही वेळा तोच आकडा आला की छपाई करावी आणि मगच सहीसाठी पाठवावे.