कॉलेज सॉफ्टबॉलची पहिली तीन विजेतेपदं जिंकलेलं कॉलेज नंतर गायब कुठे झालं?

तुमचा प्रश्न साधारण असा आहे की अमेरिकेतल्या मुलींच्या कॉलेज वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे कॉलेजांच्या राष्ट्रीय सॉफ्टबॉल स्पर्धेच्या, जुन्या विजेत्यांची यादी बघताना १९६९, १९७० आणि १९७१ या तिन्ही वर्षांपुढे 'जॉन एफ. केनेडी कॉलेज' असं नाव दिसलं, त्यानंतर ते नाव परत कधीच नाही, तर एवढी चांगली टीम बंद का केली आणि तिथे आता बघण्यासारखं काही आहे का.

आधी दोन ओळीत सांगते. टीम कुणी बंद केली नाही, कॉलेजच बंद पडलं, १९७५ साली. त्यामुळे 'सॉफ्टबॉल प्रोग्राम का कापला' या नेहमीच्या चौकटीत हे प्रकरण बसत नाही. नेहमीचं प्रकरण म्हणजे फिलाडेल्फियाच्या टेम्पल युनिव्हर्सिटीचं, त्यांनी डिसेंबर २०१३ मध्ये बजेटचं कारण देऊन एकदम सात खेळ बंद करायचं जाहीर केलं, त्यात सॉफ्टबॉल होता, मग बोंबाबोंब झाली, पुढे रोइंगवाल्यांना परत घेतलं आणि सॉफ्टबॉलवाल्या मुलींना नाही. तिथे भांडायला निदान समोर कुणीतरी असतं, प्रेसिडेंट असतो, माजी विद्यार्थी असतात. केनेडी कॉलेजच्या मुली भांडणार कुणाशी, ऑफिसलाच कुलूप.

मला हे माहीत असण्याचं कारण म्हणजे मी स्वतः जळगावकडची, कॉलेजात चार वर्षं सॉफ्टबॉल खेळले, कॅचर होते, म्हणजे बॅटरच्या मागे बसून बॉल झेलणारी, आणि आता कामानिमित्त गेली काही वर्षं ओमाहात राहते. हे कॉलेज होतं ते गाव, वाहू, माझ्या घरापासून पाऊण तासावर आहे. नेब्रास्कात राहून कुणी सॉफ्टबॉलचं नाव काढलं की मी गप्प बसूच शकत नाही, नवरा म्हणतो तुला विषय मिळायचा अवकाश, तर आता उत्तर लांबणारच, आधीच सांगून ठेवते.

तर वाहू. लिंकनच्या उत्तरेला, ओमाहाच्या पश्चिमेला, चारी बाजूंनी मका आणि सोयाबीन, तेव्हा वस्ती जेमतेम चार हजार. आपल्याकडच्या तालुक्याच्या गावाहूनही लहान. इथे पूर्वी स्वीडिश ल्यूथरन लोकांनी काढलेलं ल्यूथर कॉलेज होतं, ते १९६२ मध्ये शेजारच्या फ्रीमाँटच्या मिडलंड कॉलेजात विलीन झालं. गावातून कॉलेज जाणं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको, खोल्या भाड्याने देणारे, खाणावळवाले, कपडेवाले, सगळ्यांच्याच पोटावर येतं. मग गावातल्या व्यापाऱ्यांनी ठरवलं की आपणच एक कॉलेज काढू.

आता हे ऐकायला वेडेपणाचं वाटतं, पण त्या काळात त्याचा एक तयार साचा मिळत होता. शेजारच्या आयोवा राज्यात फेअरफिल्ड नावाच्या गावात पार्सन्स कॉलेज होतं. तिथले प्रेसिडेंट मिलर्ड रॉबर्ट्स यांनी मरायला टेकलेलं कॉलेज धंद्यासारखं चालवून दाखवलं होतं, वर्षाला तीन सत्रं, मोजकेच कोर्स, प्रवेशाला कुणालाच नाही म्हणायचं नाही, दुसरीकडे नापास होऊन आलेला असला तरी या बाबा, फी भर आणि बस. श्रीमंत घरची पोरं तुफान आली. ते बघून मिडवेस्टातल्या, म्हणजे अमेरिकेच्या मधल्या भागातल्या, लहान गावांनी एकापाठोपाठ एक तशीच कॉलेजं काढली, आयोवात डेनिसन आणि चार्ल्स सिटी, मिनेसोटात अल्बर्ट ली, नेब्रास्कात स्कॉट्सब्लफ, बिॲट्रिस आणि आपलं वाहू. वाहूचं कॉलेज सुरू झालं १९६५ ला आणि नाव दिलं दोन वर्षांपूर्वी मारल्या गेलेल्या राष्ट्राध्यक्षाचं. (नाव निवडण्यात आपल्याकडच्या शिक्षणसंस्था आणि हे लोक यात काडीचा फरक नाही.)

आणि एक गोष्ट कुणी मोठ्याने बोलत नव्हतं पण सगळ्यांना माहीत होती. व्हिएतनामचं युद्ध चालू होतं, सैन्यात सक्तीची भरती होती, आणि कॉलेजात शिकणाऱ्या मुलाला त्यातून सवलत मिळायची. म्हणजे कुठलंही कॉलेज, कसलंही कॉलेज, पण कॉलेजात नाव पाहिजे. ह्या सगळ्या नव्या कॉलेजांच्या वर्गखोल्या ज्या भरल्या त्यात या सवलतीचा वाटा फार मोठा.

मग मुलींचा सॉफ्टबॉल यात कुठून आला? खरी मजा इथेच आहे. १९६९ मध्ये अमेरिकेत मुलींच्या कॉलेज खेळाला पैसे नव्हते आणि पैसे नसावेत असंच मानणाऱ्या बायका तो चालवत होत्या. शारीरिक शिक्षणाच्या प्राध्यापिका. त्यांचं म्हणणं असं की पुरुषांचा कॉलेज खेळ पैशाने नासला आहे, आपल्या मुलींचं तसं करायचं नाही, स्टार खेळाडू नकोत, सगळ्या जणी खेळल्या पाहिजेत, शिष्यवृत्ती तर अजिबात नाही. मला या बायकांबद्दल आदर आहे हं, चुकीचं नव्हत्या बोलत त्या, पण त्याचा परिणाम असा की हजारो विद्यार्थ्यांच्या सरकारी विद्यापीठातली मुलींची टीम सुद्धा हौसेवर चालायची. १९७१ मध्ये एआयएडब्ल्यू नावाची मुलींच्या खेळाची राष्ट्रीय संघटना आली, तिनेही शिष्यवृत्तीवरची बंदी कायम ठेवली, आणि ती उठली १९७३ मध्ये, तीही फ्लोरिडातल्या टेनिस खेळणाऱ्या मुली कोर्टात गेल्या म्हणून.

केनेडी कॉलेज या सगळ्या परंपरेच्या बाहेरचं होतं. त्यांना ना जुन्या प्राध्यापिकांची शिस्त ना पुरुषांच्या फुटबॉलचं जुनं लफडं. नवं कॉलेज, कुणाला नाव माहीत नाही, पेपरात नाव यायला हवं तर काय करायचं? पुरुषांच्या खेळात मोठ्यांशी टक्कर द्यायची तर लिंकनच्या नेब्रास्का विद्यापीठाच्या फुटबॉलपुढे उभं राहायचं, म्हणजे संपलंच. मुलींच्या खेळात मात्र रस्ता मोकळा होता. मुलींना खेळासाठी शिष्यवृत्ती देणाऱ्या अगदी सुरुवातीच्या कॉलेजांत हे एक धरलं जातं. आता यात बायकांच्या हक्काचा कळवळा किती आणि जाहिरात किती, माझं मत विचाराल तर जाहिरात जास्त. पण त्या मुलीला काय फरक पडतो हो, तिची फी भरली जातेय आणि अंगावर युनिफॉर्म आहे ना.

आणि सॉफ्टबॉलच का, तर हे खेळलेल्या माणसालाच कळेल. बास्केटबॉलला पाच जणी चांगल्या लागतात. फास्टपिच सॉफ्टबॉलला, म्हणजे जोरात बॉल टाकायच्या प्रकाराला, एक पिचर लागते, बॉल टाकणारी. त्या काळात मुलींचं पिचिंगचं अंतर ४० फूट होतं (आता कॉलेजला ४३ आहे), म्हणजे १२ मीटर फक्त, आणि पिचरचा हात पूर्ण गोल फिरून मांडीजवळून बॉल सुटतो, बॅटरला विचार करायला वेळच नसतो. मी मास्क घालून होम प्लेटच्या मागे बसायचे तेव्हा आमच्या पिचरचा बॉल ग्लोव्हमध्ये पडला की पंजा संध्याकाळपर्यंत लाल, पोळी लाटताना कळायचं. तो मास्क पण काय सांगू, आतला फोम कधीच उडाला होता, आम्ही जुन्या ओढणीचा तुकडा गुंडाळून वापरायचो, उन्हाळ्यात त्याला घामाचा असा वास यायचा की पहिली इनिंग श्वास रोखूनच. तर सांगायचं म्हणजे अशी एक पिचर तुमच्याकडे असली की समोर वीस हजार विद्यार्थ्यांचं विद्यापीठ असो की आणखी काही, सात इनिंगमध्ये एक-दोन रन पुरतात. लहान कॉलेजने मोठ्यांना हरवायला याच्याइतका सोयीचा खेळ नाही.

ओमाहात पुरुषांची बेसबॉलची कॉलेज वर्ल्ड सिरीज १९५० पासून भरतेय, शहराला तिची सवय. त्याच शहरात मे १९६९ मध्ये मुलींची पहिली सिरीज भरवली, त्यात ओमाहाच्या विद्यापीठातल्या कॉनी क्लॉसेन या बाईंचा मोठा हात होता. वाहूची टीम, पेट्रिएट्स म्हणायचे त्यांना, पाऊण तासाचा रस्ता कापून आली आणि फायनलला इलिनॉय स्टेटला हरवून पहिली चॅम्पियन झाली. पुढच्या वर्षी फायनलला साउथवेस्ट मिसूरी स्टेट, परत वाहू. १९७१ ला आयोवा स्टेट, परत वाहू. सलग तीन. समोरची तिन्ही नावं बघा, तिन्ही मोठी सरकारी विद्यापीठं, तिन्ही आजही जोरात चालू आहेत (मिसूरीवाल्यांनी नाव बदललंय फक्त).

१९७२ ला विजेतेपद ॲरिझोना स्टेटकडे गेलं आणि ते नंतर वाहूला कधी आलं नाही. पण कॉलेजच्या मुली संपल्या नव्हत्या, त्यांची बास्केटबॉल टीमही तगडी होती, निक्सनच्या चीन भेटीनंतर १९७३ मध्ये अमेरिकेतून जे बास्केटबॉल संघ चीनला गेले त्यात मुलींचा संघ याच कॉलेजचा होता. मक्याच्या शेतातल्या चार हजार वस्तीच्या गावातून थेट माओच्या चीनमध्ये. आमची टीम नाशिकला गेली तरी घरचे स्टेशनवर सोडायला यायचे.

मग बुडालं कशाने? तुम्ही प्रश्नात लिहिलंय की 'टायटल नाइन कायद्यामुळे झालं का', तर नाही, उलटं आहे. तो कायदा जून १९७२ चा, मुलींना शिक्षणात आणि त्यामुळे खेळातही समान वागणूक द्या असं सांगणारा, आणि त्याचे नियम लागू झाले जुलै १९७५ मध्ये. म्हणजे ज्या वर्षी मोठ्या विद्यापीठांना मुलींच्या टीमवर पैसे खर्च करणं भाग पडायला लागलं त्याच वर्षी ते आधीपासून करणारं कॉलेज बंद झालं. योगायोग आहे हा, कारण नव्हे. पण मला वाटतं कॉलेज टिकलं असतं तरी ती विजयाची सद्दी टिकली नसती, कारण रस्ता मोकळा होता म्हणून ते पुढे होते आणि तो रस्ता आता मोठ्यांनी भरणार होता.

बुडालं ते पैशाने. पार्सन्सच्या साच्यातल्या या सगळ्या कॉलेजांचं दुखणं एकच, मागे कुणी चर्च नाही, सरकार नाही, जुने श्रीमंत माजी विद्यार्थी नाहीत, फी आली तर पगार. मूळ पार्सन्सचीच १९६७ मध्ये मान्यता गेली, आदल्या वर्षी लाइफ साप्ताहिकाने त्यांची पार लक्तरं काढली होती. मग १९७१ पासून नव्या विद्यार्थ्यांना लष्करभरतीची सवलत बंद, १९७३ ला भरतीच बंद. आता फी भरून मक्याच्या शेतात कोण येऊन राहणार? चार्ल्स सिटी, डेनिसन, बिॲट्रिस, स्कॉट्सब्लफ, अल्बर्ट ली, सगळी एकामागून एक गेली, १९७३ ला पार्सन्सही गेलं, आणि वाहूचं केनेडी त्या सगळ्या भावंडांत शेवटपर्यंत तग धरून १९७५ ला गेलं. जाता जाता, पार्सन्सचा तो रिकामा कॅम्पस १९७४ मध्ये घेतला कुणी, तर आपल्या महर्षी महेश योगींच्या संस्थेने. आजही फेअरफिल्डला त्यांचं विद्यापीठ आहे. ज्या आवारात हे सगळं कॉलेज-धंद्याचं खूळ निघालं तिथे आता लोक डोळे मिटून ध्यान करतात, मला हे कळलं तेव्हा मी एकटीच हसत बसले होते.

तुम्हाला ते नाव आजच्या विक्रमांच्या चर्चेत का दिसत नाही, तर त्याचं कारण हिशेबाचं आहे. एनसीएएने, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या मुख्य संघटनेने, मुलींची सॉफ्टबॉल स्पर्धा स्वतःकडे घेतली १९८२ मध्ये, आणि त्यांची मोजणी तिथून सुरू होते. टीव्हीवर जे सांगतात अमुक विद्यापीठाची इतकी विजेतेपदं, ते त्यातलं. १९६९ ते ८१ चं सगळं वेगळ्या यादीत. आता ॲरिझोना स्टेट किंवा यूसीएलए सारखी विद्यापीठं आपली जुनी विजेतेपदं स्वतः सांगतात, वेबसाइटवर टाकतात, जुन्या खेळाडूंना मॅचला बोलवून टाळ्या वाजवतात. वाहूच्या मुलींसाठी हे करायला कुणीच उरलं नाही. ट्रॉफी जिंकली कॉलेजने, आणि ते कॉलेज नाही. आमच्याकडे पण तेच, पीटीचे सर रिटायर झाले, नवीन आलेल्यांना सॉफ्टबॉल म्हणजे बेसबॉलचा धाकटा भाऊ एवढंच माहीत, टीम दोन वर्षांत संपली, कॉलेजचं नाव सांगत नाही पण ते अजून आहे, आणि तरीही आमचा विद्यापीठाचा कप कुठल्या कपाटात आहे ते विचारलं तर ऑफिसातला माणूस माझ्याकडे असा बघत राहिला की जणू मी त्याच्याकडे उधारीच मागायला आले.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, बघायला काय आहे. ओमाहाहून ९२ नंबरच्या हायवेने सरळ पश्चिमेला या, लवकर निघालात तर गाव दुपारच्या आत बघून होतं. सॉन्डर्स काउंटीचं छोटं म्युझियम आहे, सुट्टीच्या वारांची चौकशी करून जा. आणि गावाच्या पाटीवर वाहूच्या पाच नामवंत सुपुत्रांची नावं बघा: हॉलिवूडचे निर्माते डॅरिल झॅनक, संगीतकार हॉवर्ड हॅन्सन, नोबेल मिळालेले जॉर्ज बीडल, चित्रकार सी. डब्ल्यू. अँडरसन आणि बेसबॉलचा सॅम क्रॉफर्ड, ज्याला 'वाहू सॅम'च म्हणायचे आणि ज्याच्या ३०९ ट्रिपलचा (एका फटक्यावर थेट तिसऱ्या बेसपर्यंत पोचण्याचा) विक्रम शंभर वर्षं झाली तरी कुणी मोडलेला नाही. मी पाटी खालपर्यंत वाचली, पाचच्या पाच पुरुष. मग गाडी बाजूला लावली आणि ओमाहात राहणाऱ्या माझ्या जुन्या पिचरला फोन केला, ती म्हणाली जाऊ दे गं, मार्कर आहे का तुझ्या पर्समध्ये?